वसंतरावांची लाइन

वसंतराव पंगतीला वाढपी उभे करतात ते अमेरिकन फुटबॉलसारखे. खोटं वाटेल, पण मी स्वतः त्यात उभा राहिलोय.

इथे परदेशात, पेंडल हिलला ते आमचे शेजारी. इथे जो तो क्रिकेट नाहीतर फूटी, म्हणजे रग्बी, बघतो. हे मात्र सकाळी उठून टीव्हीवर भलताच खेळ लावतात. बॉल हातात आणि नाव फुटबॉल! मी चौथी शिकलेला, पण डोकं काही गहाण टाकलेलं नाही. विचारलं की म्हणणार, "नाना, आधी लाइन समजून घ्या."

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये जेवण होतं. मला त्यांनी पुढे, मधोमध उभं केलं.

"तुम्ही सेंटर. भाताचं पातेलं मागे माझ्याकडे द्यायचं. मी क्वार्टरबॅक, कुणाकडे धाडायचं ते मी बघीन. तुमच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. तुम्ही पाच जणांनी फक्त समोरच्याला अडवायचं."

"अडवू कोणाला? जेवायला आलेत ते!"

"कडेचे दोघे रिसीव्हर. ते पळत जाऊन वाढणार."

"आणि मी?"

"छे, छे! सेंटरने पास घ्यायचा नसतो."

भात रिसीव्हर घेऊन पळाले, वरण टॅकलपाशीच अडकलं. लोक कोरडा भात चिवडत बसले. माझी सून हसून हसून खाली बसली. माझ्या हातात एक डावसुद्धा नाही!

रविवारी जाब विचारायला त्यांच्या घरी गेलो. वसंतराव फोन पुढ्यात घेऊन ताठ बसलेले.

"थांबा नाना. अमेरिकेत नातवाला लावतोय. शाळेच्या टीमात गार्ड आहे तो. एरवी 'हाय आजोबा, बाय आजोबा', संपलं. आज बघा, कसा बोलतो ते. सगळं पाठ केलंय मी."

फोन लागला. "काय रे, तुझ्या शेजारी टॅकल कोण असतो?"

पोरगं इंग्रजीत काहीतरी बोललं. हे "येस, येस" करत राहिले. तिकडून बाय झालं.

"फुटबॉल सोडला म्हणे," वसंतराव म्हणाले. "कधीचाच. आता स्विमिंग करतो."

भांडायला आलो होतो, ते विसरलो. तेवढ्यात तेच खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "नाना, तुम्ही नदीकाठचे. स्विमिंगमध्ये कोण कुठे उभं राहतं हो?"

पाण्यात उभं कोण राहतं, कपाळ माझं! पण चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.

"चहा टाका," म्हटलं. "सांगतो."