उतेकर आणि आजचा पत्ता

आमचे उतेकर साहेब रोज दुपारी एकाच खानावळीत जेवायचे आणि रोज बिरवाडी नाक्यावरच्या पानवाल्याला खानावळ कुठे आहे ते विचारायचे.

"अवो, कालच गेलात ना तिथं?" पानवाला वैतागायचा.

"काल होती रे. आज हाय का, ते सांग."

यावर सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. मग एक दिवस खानावळीला कुलूप लागलं. मालक पाचाडला लग्नाला गेलेला. पोटात कावळे ओरडत असताना मी त्या कुलपाकडे बघत उभा, आणि उतेकर पलीकडच्या आळीत सुकट-भाकरी हाणत बसलेले. त्यांनी विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही दोघे कॉम्प्युटर विभागात होतो. लोकांच्या खिशात मोबाइल नुकते यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं, त्याचं काम मधल्या माणसाचं. कारखान्याचं मशीन त्याला म्हणायचं, "टँकर भरला, सोडू का?" तो हा निरोप मुंबईच्या हेड ऑफिसातल्या मशीनकडे न्यायचा आणि होकार आणायचा. होकार आला की गेटपास छापला जायचा. मुंबईच्या त्या मशीनचा पत्ता म्हणजे एंडपॉइंट. मी क्लास करून आलेला कोरा करकरीत माणूस. तो पत्ता थेट प्रोग्रॅममध्येच लिहून मोकळा व्हायचो.

"दगडावर कोरतोस काय रे?" उतेकर कडाडायचे. "हापिसं हलतात, मशिनं हलतात. पत्ता पाठ नाय करायचा, निघताना विचारायचा!"

त्यांनी पत्त्यांचा वेगळा तक्ता केला होता. मधला माणूस प्रत्येक निरोपागणिक तक्त्यात डोकवायचा, आज कुठे जायचं ते बघायचा आणि सुटायचा. पत्ता बदलला तर तक्त्यातली ओळ बदला. चालतं काम थांबवायला नको.

आणि एक दिवस मुंबईचं मशीन खरंच हललं. नेमकं त्याच दुपारी उतेकरांना पोलादपूर गाठायचं होतं. त्यांची आई तिथे दोघा भावांकडे पाळीपाळीने राहायची. उतेकर बिनलग्नाचे, बिरवाडीत भाड्याच्या खोलीत. त्यांना कुणी पाळीच देत नव्हतं. किती वर्षं मागून अखेर थोरल्याने एक महिना कबूल केला होता. वर अट घातली होती, "दुपारच्या चहाआधी येऊन ने. कारखान्याचं कारण सांगितलंस तर पुन्हा नाव काढायचं नाय."

सकाळी उतेकरांनी तक्त्यातली ओळ बदलली. ऑर्डरी गेल्या, बिलं गेली. फक्त गेटपास येईनात! फाटकाशी टँकरची रांग, हॉर्नचा कल्लोळ. मी फोनवर मुंबईला झापतोय, "तुमचं मशीन झोपलंय!" मुंबई मला झापतेय, "निरोप तर पाठवा!"

"निरोप निघतोय," उतेकर पडद्यात नाक खुपसून पुटपुटले. "मग जातोय कुठं?" आणि ते सावकाश माझ्या टेबलाकडे वळले. माझ्या पडद्यावर पत्त्यांचा डाव रंगात आला होता. त्यांनी तो बाजूला सारला. मागे निरोपांचा ढीग!

"अरे बाबा, गाड्या तुझ्याकडं परवानगी मागतायत!"

झालं होतं असं, की गेटपासचा भाग मी नव्याने लिहिला होता, चाचणीपुरता त्यात माझ्याच कॉम्प्युटरचा पत्ता कोरला होता, आणि सकाळी तो तसाच चालू केला होता. खिडकीतून एक ड्रायव्हर डोकावला, "साहेब, तुमच्याच हातात हाय तर सोडा की आमाला!"

प्रोग्रॅम थांबवून दुरुस्त करायचा म्हणजे संध्याकाळ. म्हणजे थोरला भाऊ जिंकला. उतेकर मात्र पेटले.

"थांबवायचं नाय! कोरलेलं राहू दे कोरलेलं. निरोपाच्या कपाळावरच पत्ता चिकटवू!"

मधल्या माणसाला त्यांनी शिकवून ठेवलं होतं, की निरोपावर पत्ता असेल तर तोच खरा, प्रोग्रॅममधला सोडून द्यायचा. त्यांनी तक्त्यात गेटपाससाठी एक ओळ घातली, की निघणाऱ्या प्रत्येक निरोपावर मुंबईचा नवा पत्ता चिकटव. एंटर. प्रिंटर खरखरला... गेटपास! फाटक उघडलं, पहिला टँकर हलला, ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. मी उतेकरांना मिठी मारायला गेलो तर त्यांनी मला झटकलं.

"स्कूटर काढ आधी! उशीर तू केलास, आता तूच पोचव."

त्या दिवशी माझी स्कूटर धावली नाही, उडाली. पोलादपूरच्या घरात चहा उकळत होता, अजून गाळला नव्हता. थोरल्याने पातेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "ने," तो म्हणाला. मायलेक मिनीडोर रिक्षात बसले, मी मागून स्कूटरवर.

बिरवाडीच्या खोलीत भिंतीवरच्या सगळ्या खुंट्या रिकाम्या केलेल्या होत्या; उतेकरांचे शर्ट खिडकीच्या गजांना लोंबत होते. आई खाटेच्या कडेला टेकली, बोचकं मांडीवर घेऊन.

"आये, लुगडी काढून ठेवतो."

"राहू दे रे. सोडतोस कशाला? महिन्यानं परत बांधायचंच हाय."

दिवसभर तोफेसारखे गडगडणारे उतेकर खाली बसले, बोचकं आपल्या मांडीवर घेतलं. गाठ पक्की बसली होती. नखांनी सुटेना, तेव्हा दातांत धरली. मी दूध आणतो म्हणून बाहेर पडलो.

परत आलो तेव्हा लुगडी खुंट्यांवर होती, आणि बोचक्याचं फडकं पाण्यात बुचकळून उतेकर दाराबाहेरच्या दगडावर घासत होते. फडकं केव्हाच स्वच्छ झालं होतं. त्यांचे हात थांबत नव्हते.