मेयोची पाचवी जागा

परतूरच्या रेल्वे स्टेशनमागे राहणारे रशीदभाई परतूरच्या राजकारणावर अवाक्षर काढत नाहीत. इथला आमदार कोण होणार असं विचारलं तर म्हणतात, "मला काय म्हाईत." पण आयर्लंड नावाच्या देशात, मेयो नावाच्या मतदारसंघात, कोणत्या गावची मतं कोणत्या उमेदवाराला जाणार आणि तो पडला की तिथून पुढे कुणाकडे सरकणार, हे ते बबनच्या हॉटेलात बसून तासभर सांगतात. आणि लोक ऐकतात. हे मला सहन होत नाही.

कारण आधीच सांगून टाकतो. या गावात निवडणुकीचा अंदाज सांगणारा माणूस मी आहे. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होतो. मूठभर कापूस घ्यायचा, दोन बोटांत धागा ओढायचा आणि माल कसा आहे ते सांगून मोकळं व्हायचं. माणसाची पारख मी तशीच करतो. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत माझा अंदाज चुकलेला नाही. उमेदवारसुद्धा अर्ज भरण्याआधी माझ्या टेबलावर येऊन चहा पिऊन जायचे. गाव मला अजून ग्रेडरसाहेब म्हणतं. त्याच हॉटेलात, त्याच माणसांपुढे, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून आयुष्य काढलेला एक घुमा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी अचानक बोलू लागला, आणि माझ्या टेबलावरची माणसं खुर्च्या उचलून त्याच्याकडे गेली. खुर्च्यांसकट.

मेयोशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांची मुलगी निलोफर तिकडे नर्स आहे. जालन्यात शिकली आणि आठ वर्षांपूर्वी गेली. आता पोरं कुणाची जात नाहीत? कुणाचा जावई दुबईत आहे, कुणाचा पुतण्या जर्मनीत. म्हणून कुणी जर्मनीचं सरकार पाडत बसतं का? पण रशीदभाईंना मेयोतला पाऊस माहीत, रस्ते माहीत, दवाखान्यात खाटा किती कमी आहेत ते माहीत.

"आपल्याकडं एक बटण दाबलं की संपलं," ते सांगतात. "तिकडं कागुद असतो. पाच जागा, पंधराएक माणसं उभी. ज्याला पहिला मानता त्याच्यापुढं एक लिव्हायचं, मंग दोन, मंग तीन. तुमचा एक नंबरवाला पडला तरी तुमचं मत वाया जात न्हाई. दोन नंबरवाल्याच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं. म्हणून म्हणतो, पहिल्या पसंतीवर जाऊ नका."

हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांचा तकियाकलाम. कुणाची घनसावंगीची बस सुटली तर हे म्हणणार, "पहिल्या पसंतीवर जाऊ नका, मागून जीप येऊन राह्यली." बबनच्या भाचीचं ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हाही हेच म्हणाले. आणि बबनला त्यानं बरं वाटलं, ही खरी कमाल.

एकदा त्यांनी हॉटेलातच मतदान घेतलं. आम्ही नऊ जण होतो. भजी, पोहे, खिचडी असे तीन उमेदवार. मी भज्यांचा प्रचार केला. भज्यांना चार मतं पडली, पोह्यांना तीन, खिचडीला दोन. मी हात चोळत बबनला कढई चढवायला सांगितली, तोवर रशीदभाईंनी खिचडी बाद केली, तिची दोन्ही मतं पोह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि पोहे निवडून आले. सगळ्यात जास्त मतं घेऊन माझी भजी पडली. मी त्या दिवशी काही न खाता घरी गेलो.

गेल्या खेपेला आपली विधानसभा आणि त्यांची निवडणूक नेमकी एकाच महिन्यात आली. म्हणजे माझा हंगाम. पण हॉटेलात शिरावं तर चर्चा मेयोची. तिथल्या उमेदवारांची नावं कुणाला उच्चारता येत नव्हती, म्हणून रशीदभाईंनी त्यांना नावं दिली होती. एक मेंढीवाला, एक मास्तरीण, एक खड्डेवाला. बदनापूरच्या पलीकडे न गेलेली माणसं मेंढीवाल्यासाठी भांडत होती. बबन खड्डेवाल्याचा कट्टर झाला, कारण त्याच्या हॉटेलासमोर खड्डा आहे. आमच्या विधानसभेचा निकाल लागला, माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला, मी नवा सदरा घालून हॉटेलात गेलो. बबन म्हणाला, "बसा ग्रेडरसाब. पाचव्या जागेचं अवघड हाये म्हणतात."

मेयोत चार जागांचं जवळपास ठरल्यासारखं होतं. पाचवीवर मेंढीवाला येतो की मास्तरीण, एवढाच प्रश्न. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दोघंबी चिठ्ठीवर पाच नावं लिव्हू. बबनच्या ड्रॉवरमधी ठेवू. निकालाच्या दिवशी उघडू." रशीदभाईंनी मान हलवली. त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. मला मात्र आधी त्यांचा बातमीदार कोण हे काढायचं होतं.

म्हणून एका दुपारी साडेचारच्या सुमाराला त्यांच्या घरी गेलो. रशीदभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून खुर्चीवर ताठ बसले होते. समोर बिस्किटाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला. पडद्यावर चर्च, पुढे शवपेटी, बाकांवर माणसं पाठमोरी. त्यांनी बोट वर करून मला गप्प बसवलं. आयेशाभाभींनी चहा आणला तोही पाय न वाजवता. सगळं संपून बाकं रिकामी झाली तेव्हा कुठे त्यांनी टोपी काढली.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"मेयोतला एक म्हातारा. तिकडं चर्चमधी कॅमेरा असतो. गावाबाहेरच्या लोकांना मयत बघता यावी म्हणून."

"अन् शर्ट कशाला?"

"मयतीला लुंगीवर कसं बसणार," ते म्हणाले. मग त्यांनी वही उघडली. "तिकडचा उमेदवार मयतीला येतोच. न्हाई आला तर घरचे वर्षभर ध्यानात ठेवतात. कोण आल्ता, कोणत्या बाकावर बसल्ता, अन् मेन म्हणजे शेवटपर्यंत थांबला का, हे मी लिव्हून ठेवतो. मधूनच उठून गेला त्याला मत न्हाई."

"तुम्ही रोज शेवटपर्यंत बघता?"

"शेवटपर्यंत. खरं ते शेवटालाच दिसतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण कुणाच्या दहाव्याला किती वेळ टेकतो यावर मी आयुष्यभर अंदाज बांधले. माझीच रीत या गृहस्थानं उचलली होती आणि माझ्यापेक्षा नीटनेटकी वापरली होती. वहीच्या प्रत्येक पानावर वर चर्चचं नाव, खाली उमेदवार, बाक, वेळ. मी चर्चचं नाव पाठ केलं आणि घरी येऊन स्वतःही मयती बघायला बसलो.

पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हणालो, मेयोतली एक म्हातारी. सगळं आटोपून उठलो तर तिनं न्हाणीघरात पाणी काढून ठेवलेलं. मयतीवरून आलेल्या माणसाला आंघोळीशिवाय घरात शिवू देणार नाही म्हणाली. त्या आठवड्यात मी चार वेळा अवेळी आंघोळ केली.

पण त्याचं फळ मिळालं. मोबाइलवर शोधताना मला कळलं की मेयोत कॅमेरावाली चर्चं ढीगभर आहेत, गावोगावी. आणि रशीदभाईंच्या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. कापसाची गाडी आली की ग्रेडर वरून एक मूठ घेतो, मधून एक घेतो, तळात हात घालून एक घेतो, कारण चांगला माल वर रचलेला असतो आणि ओला खाली. आणि हा मनुष्य दोन वर्षं एकाच कोपऱ्यातली मूठ घेऊन अख्ख्या गाडीचा भाव सांगत होता. मला इतका आनंद झाला की मी बायकोनं न सांगताच आपणहून आंघोळ केली. निरनिराळ्या सहा चर्चांतल्या मयती पाहून मी माझी पाच नावं लिहिली आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

मोजणीचा दिवस शनिवार. तिकडे सकाळी नऊला सुरू, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला. हॉटेल गच्च भरलं. फक्त रशीदभाईंचा पत्ता नव्हता. चार वाजले तरी नाही. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "त्यांची पोल मला सापडली हाये. घेऊन येतो त्यांना, सगळ्यांसमोर इचारतो."

घरी गेलो तर रशीदभाई शर्ट-टोपी घालून मयत बघत होते. मोजणीच्या दिवशी. माझा संयम सुटला.

"रशीदभाई, मेयोत शेकड्यानं गावं. तुम्ही एकाच चर्चवर अंदाज बांधून राह्यले. ह्याला अंदाज म्हणतात का?"

ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मला एकच बघायचं असतं, ग्रेडरसाब. डाव्या अंगाला, शेवटून तिसरा बाक. निळा कोट."

मी वाकून बघितलं. निळ्या कोटातली एक पाठ आणि बांधलेले केस, एवढंच दिसत होतं.

"निलोफर हाये," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांच्या होममधी कामाला हाये ती, चर्चच्या बाजूलाच. तिच्याकडचं कोणी गेलं की मयतीला येती."

मी खाली बसलो. मग त्यांनी जे सांगितलं ते हॉटेलात कुणालाच माहीत नव्हतं. तिकडचा पासपोर्ट घ्यायचा तर इथला सोडावा लागतो. निलोफरनं घ्यायचं ठरवलं तेव्हा रशीदभाई तिला म्हणाले होते की घेतलास तर मला फोन करू नको.

"तिनं घेतला. अन् फोन बी केला न्हाई. आईशी बोलती, माझ्याशी न्हाई. माझीच पोरगी हाये, म्हणलेलं पाळती. आपल्या मतदारयादीतून तिचं नाव कमी झालं. दोन वर्षं झाली, मी तिची पाठच बघून राह्यलो."

"मंग हे मेंढीवाला, मास्तरीण?"

"ह्या बारीला तिचं तिकडं पहिलं मत होतं. कोणाला दिलं असंल, तेवढं एक मत काढून राह्यल्तो मी. बाकीचं मेयो मला काय करायचंय."

पडद्यावर लोक उठले. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं दाराकडे निघाली आणि बाकांवरची माणसं ओळीओळीनं मागे वळली. कॅमेरा दाराच्या वर असावा, कारण आता सगळ्यांचे चेहरे दिसू लागले. निळा कोट वळला. चार-पाच पावलं निलोफरचा चेहरा आमच्याकडे येत राहिला आणि खालून निघून गेला. रशीदभाई शेवटपर्यंत का थांबतात ते मला तेव्हा कळलं.

"वाळली," ते म्हणाले. आयेशाभाभी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "थंडी हाय ना तिकडं. कोट में वैसाच दिखता."

रशीदभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ग्रेडरसाब, तुमचा अंदाज चुकत न्हाई म्हणतात लोकं. आज मी फोन लावला तर उचलंल का ती?"

या पोरीला मी शाळेत जाताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता ती चार पावलं. हातात काही नव्हतं. असा अंदाज मी जन्मात कधी दिला नाही.

"उचलंल," मी म्हणालो.

"बराबर?"

"बिलकुल बराबर."

ते अर्धा तास थांबले. तिला कबरस्तानातून परत येऊ द्या म्हणाले. मग नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन डब्यावर ठेवला. रिंग वाजत राहिली. माझा अंदाज चुकू नये असं मला निवडणुकीत नेहमीच वाटत आलंय, पण त्या वेळी मी एकेक रिंग मोजत होतो.

"अब्बा? अम्मी को क्या हुआ?"

"कुछ न्हाई हुआ. सब ठीक हाय." रशीदभाई अडकले. त्यांनी भाभींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, "वो पाचवी सीट का क्या हुआ, बेटा?"

पलीकडे ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. आणि बोलायला लागली. कोण पुढे आहे, कोण पडेल, कुणाची मतं कुठे जातील, तिनं कुणाला एक दिला आणि कुणाला दोन. रशीदभाई नुसते "हौ, हौ" करत होते. मतं सरकण्याची सगळी रीत त्यांना तोंडपाठ होती, तरी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकत होते. पाऊण तास झाला. भाभींनी मला दिलेला चहा गार झाला.

माझी दोन्ही मुलं माझ्याच घरात राहतात. रोज आम्ही एका पंगतीला जेवतो. त्यांच्यापैकी कुणी माझ्याशी सलग पाऊण तास बोलल्याचं मला आठवत नाही, कारण त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत पुढचं काय ते मी सांगून टाकतो. हॉटेलातल्या गर्दीसाठी दोन वर्षं मी रशीदभाईंवर जळलो. पण खरा हेवा मला तिथे बसून वाटला. मी हळूच चप्पल घालून बाहेर पडलो.

हॉटेलात सगळे वाट बघत होते. बबन ड्रॉवर उघडून दोन्ही चिठ्ठ्या समोर घेऊन बसला होता.

"पकडायला गेल्ता ना ग्रेडरसाब? काय झालं? ते कुठं हायेत?"

"येत न्हाईत आज," मी म्हणालो. "चिठ्ठ्या ठेव आत. अजून मोजून राह्यलेत."