हाताने बनवलेला कट्टा

"कला हातात असावी लागते, शैलजा! आणि मला देवाने दोन हात दिलेत!" असं माधव आठल्येने छाती काढून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला गोंदामुळे चहाचा कप चिकटलेला होता.

हे खूळ शिरलं रॉक गार्डनमध्ये. पाहुण्यांना चंदीगड दाखवायला म्हणून माधव तिथे गेला, फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि "हे तर मीही करीन!" म्हणत घरी आला. आता रॉक गार्डन पाहून असं प्रत्येक जण म्हणतो. पण नंतर घरी येऊन जेवतो आणि झोपतो. माधव झोपला नाही. एरवी मोहालीत, सेक्टर ६७ मध्ये, औषधाच्या गोळ्या पोटात कशा विरघळतात यावर संशोधन करणारा हा सज्जन माणूस रोज संध्याकाळी टाकाऊ वस्तूंच्या मागे हात धुऊन लागला. जुन्या टायांचं पायपुसणं झालं. करवंटीचं घुबड झालं. बारावीतल्या ज्ञानदाने त्या घुबडाला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "पापा, ये बैंगन है?"

"घुबड आहे ते! डोळे बघ त्याचे!"

"वो डोळे हैं?"

शैलजाला घुबडाचं काही नव्हतं. तिचा जीव घरात अडकला होता. भाडेकरार संपत आला होता आणि तो पुढे चालवायचा की नाही, हे खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक नरेश चड्ढा सोमवारी सांगणार होते. ज्ञानदाची शाळा समोर, शैलजाचं विद्यापीठ जवळ, हिवाळ्यात गॅलरीभर ऊन! असं घर पुन्हा कुठलं मिळायला? शिवाय सारखी घरं बदलून आणि खोकी बांधून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

"सोमवारपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट!" तिने माधवला बजावलं. "वर कुणी राहतं हे चड्ढाजींच्या लक्षातसुद्धा येता कामा नये!"

"पक्का!" माधव म्हणाला आणि त्याने खरोखर हाताची घडी घातली. पण डोक्याची घडी कशी घालणार? त्याला आठवला नाशिकचा कट्टा. दर रविवारी कुणी चित्र आणायचं, कुणी विणकाम, कुणी मातीचा गणपती. एकाचं बघून दुसऱ्याला काहीतरी सुचायचं. इथे चार वर्षं झाली, तरी गल्लीतलं कुणी साध्या चहालाही वर आलं नव्हतं. मग आपणच का बोलावू नये? शेवटी अतिथी देवो भव! त्याने मोबाईल उघडला आणि सेक्टरच्या ग्रुपवर आपल्या अस्खलित हिंदीत निमंत्रण धाडलं:

"इस इतवार शाम को हमारे घर कट्टा खुलेगा। सब लोग अपने हाथ का बनाया हुआ लेकर आना। पुराना, टूटा-फूटा भी चलेगा। बच्चों को ज़रूर लाना, छोटी उम्र में हाथ जल्दी बैठ जाता है।"

आता तुम्हीच सांगा, यात वावगं काय? कट्टा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाय हलवत गप्पा मारणारी मंडळी येतात. पण उत्तरेत कट्टा म्हणजे पिस्तूल! आपण गावठी म्हणतो ना, तेच! ते हातानेच बनवलेलं असतं! आणि वर "टूटा-फूटा भी चलेगा"! ग्रुपवर जी शांतता पसरली, ती पसरलीच. रोज पहाटे गुलाबाचे फोटो टाकणाऱ्या बायकाही चिडीचूप झाल्या.

"सगळे कामाला लागलेले दिसतात!" माधव मनाशी म्हणाला.

खाली चड्ढाजींनीही तो मजकूर वाचला. ते हाडाचे पंजाबी. आणि पंजाबीत कट्टा म्हणजे म्हशीचं रेडकू! वरच्या मजल्यावर, नव्याकोऱ्या संगमरवरी फरशीवर, रेडकू सुटणार! ते हाताने कसं बनवतात हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. पण फरशीची किंमत त्यांच्या चांगली ध्यानात होती.

रविवार उजाडला. "दोन-चार मित्र येतील," एवढंच सांगून माधवने शैलजाला बटाटेवडे तळायला लावले. गाद्या घातल्या, मधोमध घुबड ठेवलं आणि तो दाराकडे डोळे लावून बसला. गल्लीतलं चिटपाखरू फिरकलं नाही. आला तो एकटा सुश्रुत, माधवच्या संस्थेतला नागपूरचा विद्यार्थी. त्याने औषधी वनस्पतींची सुंदर चित्रं काढली होती आणि ती गुंडाळून एका लांबलचक काळ्या नळकांड्यात घातली होती.

फाटकावर रखवालदार रुपेशने त्याला अडवलं. "इसमें क्या है?"

"कट्टे के लिए लाया हूँ. मैंने खुद बनाया है!" सुश्रुत अभिमानाने म्हणाला.

रुपेश दोन पावलं मागे सरला. मग त्याने नळकांडं हातभर लांब धरून ताब्यात घेतलं, सुश्रुतला फाटकावरच थांबवून ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला.

थोड्या वेळाने जिन्यात बूट वाजले. माधवचा चेहरा उजळला. "शैलजा, वडे आण! आले लोक!"

दारात मिशीवाले इन्स्पेक्टर, दोन हवालदार आणि त्यांच्या मागे हातात दोरखंड घेतलेले चड्ढाजी! पोलिसांनाही कलेची ओढ असते हे पाहून माधवला भरून आलं.

"कट्टा कहाँ है?" इन्स्पेक्टर गरजले.

"यही है! आइए, बैठिए!"

इन्स्पेक्टर अर्धवट बसले होते. "किस पे बैठा हूँ?"

"कट्टे पे!"

इन्स्पेक्टर ताडकन उठले. हवालदारांनी गाद्या उलट्यापालट्या केल्या.

"बाँधा कहाँ है?" चड्ढाजी स्वयंपाकघरात डोकावत ओरडले.

"बाँधा नहीं जी, खुला है! सबके लिए खुला!"

"हाय ओ रब्बा! खाता क्या है?"

"ज़्यादा कुछ नहीं. वडा और चाय."

"चाय पीता है?" चड्ढाजी भिंतीला टेकले.

"ओए, बकवास बंद!" इन्स्पेक्टरांनी माधवला कोपऱ्यात घेतलं. "तूने क्या-क्या बनाया है, सच बोल!"

एवढ्या आस्थेने माधवला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "साहब, मैंने उल्लू बनाया."

"किसको?"

"किसको म्हणजे... आपके सामने है! अपने हाथों से बनाया, साहब!"

इन्स्पेक्टरांची मिशी थरथरू लागली. वड्यांचं ताट घेऊन आलेली शैलजा दारातच थिजली. घर गेलं, हे तिला कळून चुकलं. नवराही चालला की काय, एवढंच पाहायचं बाकी होतं!

तेवढ्यात क्लासहून ज्ञानदा परतली. तिने पोलीस पाहिले, दोरखंड पाहिला, मोबाईलवर बापाचा मेसेज पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अंकल! मराठी में कट्टा मतलब गपशप का अड्डा! पापा लोगों को क्राफ्ट दिखाने बुला रहे थे, यार!"

मग इन्स्पेक्टरांच्या पोटातून हसू वर आलं आणि मिशीतून बाहेर पडलं. हवालदार हसले. चड्ढाजींनी दोरखंड टाकला आणि डोळे पुसत म्हणाले, "ओ जी, हमारे यहाँ तो बखेड़ा खड़ा करने को ही कहते हैं, नया कट्टा खोल दिया! और आपने सच्ची खोल दिया!"

हसण्याचा आवाज ऐकून गल्लीतली मंडळी एकेक करत वर आली. सुश्रुत आणि त्याचं नळकांडं सन्मानाने वर आलं, चित्रं भिंतीशी मांडली गेली आणि मंडळी वाकून वाकून ती पाहू लागली. समोरच्या बाईंनी घरी पळत जाऊन आपल्या आजीने स्वतः भरलेली फुलकारी ओढणी आणली. वडे संपत आले. कट्टा भरला होता! माधवच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वर्तमानपत्रं गुंडाळून-चिकटवून केलेलं बुटकं स्टूल आतून आणलं आणि चड्ढाजींपुढे सरकवलं.

"बैठिए, बैठिए! मेरे हाथ का है!"

चड्ढाजी बसले. धपकन आवाज झाला आणि त्या धिप्पाड गृहस्थाचे नुसते पाय तेवढे वर दिसू लागले. हातातली चहाची कपबशी संगमरवरावर आदळून फुटली.

शैलजाने डोळे मिटून घेतले.

दोन हवालदारांनी धरून चड्ढाजींना उभं केलं. त्यांनी पाठ चोळली, कपड्यांवरचा वर्तमानपत्राचा चुरा झटकला आणि भरलेल्या खोलीवरून नजर फिरवली.

"डॉक्टर साब," ते म्हणाले, "मेरी घरवाली के जाने के बाद इस घर में आज पहली बार लोग हँसे हैं. सोमवार किसने देखा, अभी बोलता हूँ. घर आपका. पक्का!"

माधवने त्यांचे दोन्ही हात धरले. शैलजाने पदर डोळ्यांना लावला.

"पर एक शर्त है," चड्ढाजी कण्हत म्हणाले. "कट्टा जितना मर्ज़ी खोलो, हर इतवार खोलो, मैं खुद आऊँगा. बस, आप अपने हाथ से कुछ मत बनाना!"

"मंज़ूर!" शैलजा म्हणाली. माधवने अजून तोंडही उघडलं नव्हतं.