आजोबांच्या यीस्टची अब्रू

लेकीच्या लग्नाची बियर बापाने करायची, तीही घरच्या यीस्टवर, अशी त्या नॉर्वेजियन खोऱ्यातली रीत. म्हणून लेक रागनहिल्डचं लग्न ठरताच ओडमुंडने फ्रीझरच्या तळातून आजोबांच्या यीस्टची बरणी काढली. आत तपकिरी, वाळके पापुद्रे होते.

"जिवंत आहे का रे हे?" बायको बोर्गहिल्डने नाक मुरडलं. "रागनहिल्डच्या बारशानंतर हात लावलेला नाहीस."

"आमच्या घराण्याचं यीस्ट आहे. मरायचं नाही ते."

"घराण्यातली माणसं मेली की सगळी!"

ओडमुंडने तिकडे दुर्लक्ष केलं. पिंपातल्या जवाच्या कोमट काढ्यात त्याने पापुद्रे सोडले आणि रिवाजाप्रमाणे पिंपावर वाकून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. आरोळी जेवढी मोठी तेवढी बियर कडक, यावर खोऱ्यात कुणाचं दुमत नव्हतं.

दुसरी दुपार झाली तरी एक बुडबुडा येईना. यीस्टला ऐकू गेलं नसेल म्हणून त्याने पुन्हा आरोळी ठोकली. या वेळी तिच्यात खरा आकांत होता. शेजारचा यूस्टाइन धापा टाकत आला.

"काय झालं? पाय मोडला?"

यीस्ट मेलं म्हणून यूस्टाइनला सांगायचं? त्यापेक्षा पाय मोडलेला बरा. ओडमुंडने गाल धरला. "दाढ! दाढ ठणकतेय!"

यूस्टाइन शेजारधर्माचा पक्का. त्याने तिथूनच फोन लावला. खोऱ्यात दातांची डॉक्टर एकच, आणि ती म्हणजे नवऱ्या मुलाची आई, सोल्वाइग. ती बॅग घेऊन तडक आली.

"विहीणबाई, तुम्ही कशाला उगाच..."

"आ करा."

तिने एकेक दात ठोकून पाहिला. "सगळे ठणठणीत आहेत. नक्की दुखतंय कुठे?"

"फिरतं दुखणं आहे," ओडमुंड म्हणाला.

"मग फिरायच्या आधीच गाठू," म्हणत तिने सुई टोचली. अर्धा चेहरा बधिर झाला. बोर्गहिल्डने त्याला गालावर बर्फ देऊन झोपवलं. "पिंपाकडे आम्ही बघतो," तिघंही एका सुरात म्हणाली. बिचारा नको म्हणत होता, पण तोंडातून नुसतं "ङको, ङको" निघत होतं.

संध्याकाळी पिंपाचं झाकण छताला जाऊन आदळलं. फेस पायऱ्या उतरून अंगणात आला. मांजर त्यात बुडता बुडता वाचलं आणि रात्रभर आनंदाने झुलत राहिलं.

लग्नात त्या बियरने कहर केला. पाद्रीबाईंनी तिसऱ्यांदा मग भरून घेतला. ओडमुंड खुर्चीवर चढला. "मंडळी, ही माझ्या आजोबांच्या यीस्टची करामत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माहेरचं यीस्ट गुपचूप ओतलेल्या बोर्गहिल्डने मगात नजर खुपसली. आपल्या यीस्टची बाटली पिंपात रिकामी करून गेलेला यूस्टाइनही मगातच बघू लागला. घरून आणलेली यीस्टची पुडी पिंपात झटकलेल्या विहीणबाईंना एकाएकी ठसका लागला.

"आजोबांच्या नावानं!" सगळे ओरडले.

ओडमुंडनेही मग तोंडाला लावला, चांगला डोळ्यांच्या वरपर्यंत. तिघांची पाठ वळताच तो बिछान्यातून उठला होता आणि दुकानातली पावाच्या यीस्टची अख्खी वडी पिंपात टाकून, गालावर बर्फ धरून पुन्हा झोपला होता.