कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याची शक्ती

माझ्या नातीच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नाही. आळस हे कारण नव्हतं. पत्रात एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं.

हेमाली अकरा वर्षांची आहे, नाशिकला असते. फोनवर आमचं दोघांचं जमत नाही. फोन लावतो, एकमेकांचा श्वास ऐकतो आणि "बरं" म्हणून ठेवून देतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिनं पत्र लिहिलं.

"प्रिय आजोबा, मी ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून बघते. त्यात नेहमी एक म्हातारे आजोबा असतात. ते बुटके असतात, कोपऱ्यात बसतात, काही बोलत नाहीत. सगळ्यांना वाटतं यांचा काही उपयोग नाही. मग राक्षस येतो, सगळे तरुण हरतात आणि आजोबा चहाचा कप खाली ठेवून उठतात. तेच सगळ्यात पॉवरफुल असतात. तुम्हीही कोपऱ्यात बसता. मीपण वर्गात कोपऱ्यात बसते. तुमची पॉवर कोणती? आणि ती किती वर्षांनी कळते?"

मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. बोईसरच्या एका वाचनालयात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. निरोपसमारंभात अध्यक्षांनी माझं नाव चुकीचं घेतलं आणि मी त्याच नावानं आभार मानले. आता घिवलीच्या घरी असतो आणि वाचतो. "प्रिय हेमाली, एकोणसत्तर वर्षं झाली, अजून काही आढळलेलं नाही," हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. खोटं लिहायचं तर त्यालाही थोडी शक्ती लागते.

मार्चमध्ये मुलीचा फोन आला.

"बाबा, पंधरा दिवसांनी हेमालीला वर्गात 'माझे आजोबा' यावर दोन मिनिटं बोलायचंय. वर्षभरात ती उभी राहून एक वाक्य बोललेली नाही. म्हणते, आजोबांचं पत्र आलं तरच बोलेन. काहीतरी लिहा हो!"

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. समोर माझा मित्र दादू पागधरे चहा पीत होता; हेमालीचं पत्र त्यानं वाचलेलं होतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि तो उठला. राक्षस आला नव्हता, पण दादू तेवढ्यासाठी थांबत नाही.

दादूची ओळख त्याच्याच शब्दांत करून दिलेली बरी, कारण तशी ती दुसरं कुणी करून देत नाही. "घिवलीपासून केळव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्याइतकी तीक्ष्ण नजर नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर नाहीच नाही. तीस वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात बसून मी दोन हजार माणसांची उशिरा येण्याची कारणं ऐकली. खोटं माणूस तोंड उघडण्याआधी मला कळतं. गुन्हेगार माझं नाव ऐकून वाट बदलतो." या पट्ट्यात असा गुन्हेगार कोण, हे समजलेलं नसल्यामुळे शेवटचं विधान तपासून बघता येत नाही. त्यानं आजवर दोन प्रकरणं हाती घेतली. हरवलेली शेळी स्वतःच परत आली आणि चोरीला गेलेली सायकल त्याच्याच पडवीत निघाली. दोन्ही त्याच्या वहीत "यशस्वी" या सदरात आहेत.

"केस घेतली," दादू म्हणाला. "तुझ्यात शक्ती आहे. ती लपलेली आहे. लपलेली गोष्ट शोधणं हा माझा धंदा."

"आणि नसली तर?"

"पुंडलिक, शंका घेणं हे माझं काम आहे. तू फक्त संशयित आहेस."

पहिल्या दिवशी आम्ही बोईसरला, स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार कुंदन मूळचा गोरखपूरचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो फोनवर ॲनिमे बघतो, त्यामुळे दादूच्या मते तो या विषयातला तज्ज्ञ होता.

"अंकल, असली पॉवरवाला बुड्ढा चेहरे से पता नहीं चलता," कुंदन म्हणाला. "वो बस बैठा रहता है। आँख आधी बंद। पीछे से वार करो, तो बिना देखे पकड़ लेगा।"

दादूनं वहीत नऊ लक्षणं लिहिली. पांढरी दाढी, लांब भुवया, वाकलेली पाठ, काठी, अर्धवट मिटलेले डोळे, कारण नसताना हसणं, समुद्राकाठी किंवा डोंगरावर एकटं राहणं, तरुणपणाबद्दल मौन, आणि मागून आलेला वार झेलणं. मला साडेचार गुण पडले. डोळे मी वाचताना मिटतो, म्हणून त्याला अर्धा.

नववं लक्षण तपासायला आम्ही केळव्याला गेलो. दादूच्या मेव्हण्याची तिथे वाडी आहे. मला एका पोफळीखाली समुद्राकडे तोंड करून बसवलं. दहा मिनिटांनी माझ्या उजव्या कानावर सुपारी बसली. मग मानेवर. तिसरी चुकली, पण मी हललो नव्हतो, दादूचाच नेम गेला होता.

"ओरडला नाहीस," दादू वहीत लिहीत म्हणाला. "असामान्य सहनशक्ती."

"शेजारी मुंबईचे पाहुणे जेवत होते. ओरडायला संकोच वाटला."

"असामान्य संकोच," त्यानं दुरुस्ती केली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

परतीच्या रिक्षात मी त्याला खुर्चीबद्दल सांगितलं. सांगणार नव्हतो, पण कान दुखत असला की माणूस बोलून जातो.

आमच्या गावात किनाऱ्यालगत जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळवायची खळी आहेत. बायका सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरतात आणि उन्हात खाली-वर करत राहतात. त्या खळ्यांच्या कडेला मी माझी निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवतो, तिला छत्री बांधतो, सकाळी आठ ते बारा वाचतो आणि खुर्ची तिथेच ठेवून घरी येतो. गेली चार वर्षं ही खुर्ची रोज सकाळी वेगळ्याच जागी असते. कधी शालूच्या खळ्याजवळ, कधी पार वत्सलाच्या खळ्याच्या टोकाला. मी ती जिथे असेल तिथे बसतो. हलवायला गेलो तर कुणीतरी बघेल.

"मला वाटतं, मी बायकांच्या कामात नडतो," मी म्हणालो. "तोंडानं कसं सांगायचं, म्हणून त्या खुर्ची सरकवत असतील. आता जाणंच बंद करावं म्हणतो."

दादू माझ्याकडे बघत राहिला. रिक्षावालाही आरशातून बघू लागला.

"वेड्या, खुर्ची कुणी हलवत नाही," दादू हळू आवाजात म्हणाला. "तू हलवतोस. झोपेत. मनानं!"

"बायकांना विचारून बघूया का?"

"विचारायचं? गुप्तहेर विचारत नाही, तो हेरतो. आणि तू तरी चार वर्षांत विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस दादूनं सुरूच्या झाडाआडून तपास केला. त्यानं खुर्चीची अंतरं पावलांनी मोजली. त्यात क्रम निघाला. पाच दिवस पाच जागा, सहाव्या दिवशी परत पहिली. आधी त्यानं तो भरती-ओहोटीला जोडून पाहिला. जमेना. मग पाच वारांना, पंचमहाभूतांना आणि शेवटी कंपनीच्या पाळ्यांना जोडून पाहिला.

"हे सरळसरळ शिफ्टसारखं दिसतंय," तो म्हणाला. "फिरती पाळी. टाइम ऑफिसात असाच तक्ता असायचा." मग त्यानं स्वतःच ते खोडलं. "पण खुर्ची काही कुठे नोकरीला नाही."

त्यानं माझ्यावरही नजर ठेवली. ती नोंद मी नंतर वाचली: "८.१० वाचन सुरू. ८.१६ पेन्सिल पडली, उचलली. ८.२१ चष्मा पडला, उचलला. ८.२९ पेन्सिल. ८.३३ पुस्तकातली खूण उडाली, वाकून उचलली." असं बारा वाजेपर्यंत, आणि खाली तांबड्या शाईत: "धांदरट. महत्त्वाचं काही नाही."

सातव्या दिवशी, सोमवारी, सापळा लावायचं ठरलं. माझी टोपी आणि पुस्तक घेऊन माझ्या जागी दादू बसणार होता. मी घरीच थांबून मनात कुठलाही विचार आणायचा नव्हता. खुर्ची त्याच्यासकट हलली तर शक्ती सिद्ध. विचार न आणणं मला जमत नाही. खळ्यावर माझ्यावाचून सगळ्यांना किती मोकळं वाटत असेल, हाच विचार मी चार तास केला.

बारा वाजता दारात वत्सला उभी राहिली. वत्सला दादूची चुलत बहीण, साठीची, आणि तिचा आवाज होडीवरून किनाऱ्यापर्यंत पोचतो. तिनं दादूला सदऱ्याच्या मागच्या बाजूनं धरलं होतं. माझ्या टोपीवर पक्ष्यानं घाण केली होती.

"भाऊ, बरं नाय का तुमाला?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"मग घरी काय बसलात? आणि या दाद्याला का बसवलं? दोन पाट्या जवळा कावळ्यांनी नेला माजा! एक तर याच्या डोक्यावर बसून खात होता!"

"मी निरीक्षण करत होतो," दादू म्हणाला. "चार तास पापणी हलवली नाही."

"तेच तर! मेल्या, दगडासारखा बसलास. दगडाला कोण भितं?"

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. मला काही समजत नव्हतं, पण जवळा गेला होता आणि त्यात आमचा हात होता एवढं कळत होतं. मी माफी मागितली.

"माफी नको, उद्या या," ती म्हणाली. "आज माजी पाळी फुकट गेली. उद्या शालूची, परवा ठकीची. माजी आता शनिवारी."

"कसली पाळी?"

"तुमची."

दादूनं वही उघडली.

"तुमी येऊन बसलात की कावळा खळ्यावर उतरत नाय. कुत्रं पण नाय," वत्सला सांगू लागली. "तुमी सारके वाकता. पेन्सिल पडते, चष्मा पडतो, कागद उडतो. माणूस वाकला की कावळ्याला वाटतं दगड उचलला. तो जातो तिकडे शेंड्यावर. परत उतरायला येतो, तोवर तुमी परत वाकलेले! आमी दगड मारून थकतो भाऊ, तुमी बसून हाकलता. मग बायकांची भांडणं लागली, भाऊ कुणाच्या खळ्याशी बसणार. म्हणून पाच घरांनी पाळी लावली. जिची पाळी, तिनं पाटे उठून खुर्ची आपल्या खळ्यावर न्यायची."

"चार वर्षं?"

"चार वर्षं. मधी तुमी आठ दिवस नाशिकला गेलात, तवा शालूची सासू काठी घेऊन बसवली. तिला झोप लागली. निम्मा माल गेला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या दिवशी आला असतात का?"

नसतो आलो. हे तिला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं.

ती गेल्यावर दादूनं वही मागेपुढे चाळली. मग म्हणाला, "वत्सलावर माझा पहिल्यापासून संशय होता." वहीत तिचं नाव कुठेच नव्हतं, पण मी ते दाखवलं नाही. त्यानं "यशस्वी" असं लिहून खाली रेघ मारली.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहायला बसलो. दादू शेजारी होता.

"'कावळे' काढ. 'शत्रू' घाल," तो म्हणाला.

"ती वर्गात बोलणार आहे. कुणी विचारलं, कोण शत्रू, तर?"

"मग 'काळे शत्रू' घाल."

मी कावळेच ठेवले. राक्षसाच्या मानानं कावळा फार लहान, हे मलाही कळतं. पण तिच्या गोष्टींतला राक्षस अधूनमधून येतो, आमचा कावळा रोज येतो. मी लिहिलं:

"प्रिय हेमाली, तुझ्या प्रश्नाला उशीर झाला, कारण चौकशी चालू होती. माझी शक्ती अशी आहे की मी वाचत बसलो की पाच घरांचा जवळा सुरक्षित राहतो. माझ्या हातून वस्तू पडतात, मी त्या उचलायला वाकतो आणि कावळे पळतात. तुझ्या गोष्टींतल्या आजोबांसारखं यात काही दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. किती वर्षांनी कळते, असं तू विचारलंस. शक्ती चार वर्षं चालू होती, कळली काल दुपारी. ज्याची असते त्याला ती उशिरा कळते, शेजारच्यांना आधी कळते, असं दिसतं. मी शेजारी कधी विचारलं नाही, ही माझी चूक. माझ्यासारखं करू नकोस. तुझ्या शेजारच्या जागेवर बसायला वर्गात कोण कोण धडपडतं, ते आधी बघ. आणि त्यांना विचार."

खाली दादूनं स्वतःच्या अक्षरात "तपास: दा. पागधरे" असं लिहिलं.

'काल दुपारी' हे चूक होतं, घटना त्याच दिवशीची होती. पण पत्र उद्या पडणार म्हणून मी तसं लिहिलं आणि मग ते खोटं ठरेल का या विचारात झोपलो. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा पत्र फारच मोठं वाटलं. उपदेश जास्त झाला होता. शेवटची चार वाक्यं तर अकरा वर्षांच्या मुलीला कळणारच नाहीत, असं वाटलं. पोस्टाच्या पेटीपाशी उभा राहून मी लिफाफा पुन्हा उघडावा का, याचा विचार करत होतो.

"भाऊ!" खळ्याच्या बाजूनं शालू ओरडली. तिच्या हातात माझी खुर्ची होती. "काय करताय तितं? जवळा पसरून झाला, कावळे बघा किती जमलेत! या ना लवकर!"

मी पत्र पेटीत टाकलं आणि निघालो.