फरक

व्याजदर ही मनुष्यमात्राला समान लागू होणारी गोष्ट आहे. फक्त ती कोणाला पुढून लागू होते आणि कोणाला मागून. एरवी हे दोन प्रकारचे लोक वेगवेगळ्या घरांत राहतात आणि समाजात शांतता नांदते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोन्ही प्रकार एकाच छताखाली, एकाच टेबलावर जेवत होते. आणि त्यांना वाढायचं काम आईकडे होतं.

वडील ठेवीदार. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त होताना मिळालेली सगळी पुंजी त्यांनी मुदत ठेवीत टाकली होती. तीही बारा पावत्यांमध्ये, म्हणजे दर महिन्याला एक पिकते आणि नव्या दराने पुन्हा ठेवता येते. मुलगा कर्जदार. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हे घर त्याने बदलत्या दराच्या कर्जावर घेतलं आहे. (कर्जदार अविवाहित आहे. दर महिन्याला न चुकता भेटणारं त्याला सध्या हप्त्याशिवाय कोणी नाही.) आईच्या नावावर ठेव नाही आणि कर्जही नाही. त्यामुळे अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती त्या घरात राहत नव्हती.

दर दोन महिन्यांनी सकाळी टीव्हीवर एक गंभीर गृहस्थ येऊन दर जाहीर करत. त्या दिवसापुरते आईने काही नियम घालून दिले होते. ज्याला आनंद होईल त्याने तो स्वयंपाकघरात जाऊन करावा. ज्याला दुःख होईल त्याने चहा पिऊन मग बोलावं. आणि भिंतीवरच्या तक्त्याला कोणी हात लावू नये. हा तक्ता ठेवीदाराने रंगीत पेन्सिलींनी काढला होता. त्यात दर चढला की रेघ हिरवी आणि उतरला की लाल. एकदा ठेवीदार फिरायला गेलेला असताना कर्जदाराने तोच कागद उलटा करून चिकटवला आणि दोन दिवस घरात मंदी आली, म्हणून तिसरा नियम.

या व्यवस्थेचे फायदे मोजायला हवेत. पाहणीनुसार, दर वाढलेल्या आठवड्यात घरात गोड खाणाऱ्यांचं प्रमाण पन्नास टक्के असे, आणि दर घटलेल्या आठवड्यातही पन्नास टक्केच. (गोड करणारी एकच, खाणारा बदलायचा.) इतकं स्थैर्य भल्याभल्या देशांना जमलेलं नाही.

मग त्या वर्षी दर लागोपाठ तीनदा वाढला. ठेवीदाराने नवा चष्मा केला. कर्जदाराला बँकेचं पत्र आलं. हप्ता आहे तोच ठेवला तर शेवटचा हप्ता वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पडेल, नाहीतर हप्ता वाढवावा, असं त्यात अत्यंत आदराने लिहिलं होतं. कर्जदाराने हप्ता वाढवला. मग आठ दिवस तो न बोलता जेवला आणि नवव्या दिवशी ताटाकडे बघत म्हणाला, "आई, मागची खोली भाड्याने द्यावी म्हणतो."

मागच्या खोलीत आईवडील झोपत. तिथल्या खिडकीशी आईचं शिवणयंत्र होतं. दुपारच्या उजेडात ती तिथे शेजारणींचे कपडे दुरुस्त करी आणि दिवसातला तेवढाच वेळ तिच्याकडे कोणी काही मागत नसे.

"कोणाला देणार?" आईने विचारलं.

"एक बेकरीवाला आहे. रात्री कामाला जातो, दिवसा झोपतो. चार हजार देईन म्हणतो. फक्त दिवसा आवाज नको म्हणाला."

"आणि आम्ही?"

"बाहेर सोफा उघडला की त्याचा पलंग होतो."

ठेवीदाराने नवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. यंत्र सोफ्याशेजारी मावणार नव्हतं, आणि मावलं असतं तरी दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या भिंतीला लागून ते चालवायचं कसं?

रात्री तिने साधा हिशेब केला. बँक नवऱ्याला साडेसहा टक्के देते आणि मुलाकडून नऊ घेते. ठेवीदाराचे पैसे बँकेत जातात, फिरून याच घरात कर्ज म्हणून येतात, आणि वाटेत अडीच टक्के कुठेतरी राहतात. सकाळी दोघांना चहा देताना ती म्हणाली, "अहो, तुम्हीच का नाही याला पैसे देत? याने तुम्हाला आठ टक्के द्यावेत. तुम्हाला दीड जास्त, त्याला एक कमी."

दोघांनी एकदमच कप खाली ठेवले.

"मुलाला कर्ज?" ठेवीदार म्हणाला. "आणि नाही फेडलं तर? बँकेचं निदान दार तरी आहे, जाऊन बसता येतं."

"बाबांचं कर्ज?" कर्जदार म्हणाला. "रोज सकाळी तोंड बघायचं त्यांचं? बँक महिन्यातून एकदाच आठवण करते."

तेव्हा आईला त्या अडीच टक्क्यांचा अर्थ लागला. आपल्या माणसाचं मिंधं न होण्याची ती फी होती आणि दोघंही ती खुशीने भरत होते. तिने विषय सोडून दिला.

पण खोली सोडली नाही. दुपारी ठेवीदाराला ती म्हणाली, "मुलगा खोलीचे चार मागतोय. मी बोलून तीनावर आणलंय. तुमचं व्याज वाढलंय, त्यातून भाडं द्या आणि खोली आपली ठेवा." संध्याकाळी कर्जदाराला म्हणाली, "बाबा दोनच देणार होते. मी अडीचवर आणलंय. बेकरीवाल्याला नाही म्हण, घरात परका माणूस नको." दोघांचाही जीव भांड्यात पडला. एकमेकांच्या हातात पैसे देण्याचा अवघडलेपणा नको म्हणून व्यवहार तिच्यामार्फत करायचं ठरलं, आणि ही कल्पना आपलीच, असं दोघांनाही अजून वाटतं.

अशा रीतीने त्या घरात एक बँक सुरू झाली. मुख्य कार्यालय शिवणयंत्राच्या खणात, कामकाजाची वेळ जेवणानंतर. दर महिन्याला तीन हजार आत येत, अडीच हजार बाहेर जात, आणि खातेदारांची एकही तक्रार नव्हती. ठेवीदाराचं वाढीव व्याज भाडं होऊन कर्जदाराकडे जाई, तिथून हप्ता होऊन बँकेकडे, बँकेतून पुन्हा व्याज होऊन ठेवीदाराकडे. शाखाधिकाऱ्याने वर्षअखेरीस उत्तम ग्राहक म्हणून दोघांनाही एकेक कॅलेंडर दिलं.

पुढच्या वर्षी दर खाली आले. आता ठेवीदार रडेल आणि कर्जदार हसेल असं कोणालाही वाटेल. पण कर्जावर वाढ पळत येते आणि घट चालत येते, हा बँकेचा शिरस्ता आहे. पिकलेल्या पावत्यांना नवा दर त्याच दिवशी लागला. कर्जाचा दर मात्र 'योग्य त्या फेरआढाव्यानंतर' कमी होणार होता. त्या चार महिन्यांत घरात गोड झालं नाही. ठेवीदार खाली मान घालून तीनाऐवजी दोन हजार देऊ लागला. आईने ते घेतले, खण उघडला आणि मुलाला नेहमीचे अडीच दिले. कोणाला काही कळलं नाही. बेकरीवाल्याने तर केव्हाच दुसरीकडे खोली घेतली होती.

आढावा झाला, हप्ता उतरला आणि मुलाने आपणहून खोलीचं भाडं दोन हजारांवर आणलं. आईने ते नवऱ्याला अडीच म्हणून सांगितलं. काही दिवसांनी सुईदोरा शोधताना ठेवीदाराने तो खण उघडला. आत नोटा होत्या.

"हे काय आहे?"

"फरक," आई म्हणाली.

"कसला फरक?"

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, त्याचा. बँकेपेक्षा स्वस्त लावलाय."

ठेवीदाराला ते चांगलंच लागलं. पहिल्या तारखेला त्याने भाड्याच्या नोटा मोजल्या, थेट मुलाच्या खोलीकडे निघाला आणि दारापर्यंत गेला. आत कर्जदार कामाचे बूट पुसत बसला होता. ठेवीदार थोडा वेळ उभा राहिला, पंखा हळू फिरतोय असं काहीतरी म्हणाला आणि परत आला.

"तूच दे," तो म्हणाला, आणि पुरे अडीच हजार तिच्या हातात ठेवले.

वाचकांना त्याचं हसू आलं असेल. नऊमधून साडेसहा वाचकांनी केव्हाच वजा केले असतील, आणि आपल्या घरात ठेव कोणाची नि कर्ज कोणाचं, हेही त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असेल. आज रात्री जेवताना ते हा विषय काढणार आहेत. बँकेला याची पूर्ण कल्पना आहे, आणि तिने उद्या सकाळी दहाला नेहमीप्रमाणे दार उघडायचं ठरवलं आहे.