गुळाची ढेप आणि सरकारी गाढव

न्याय आंधळा असावा, असं म्हणतात. एका जुन्या राज्यात त्याला लांब कान आणि चार पाय होते, तरी कारभार कुठे अडला नाही.

झालं असं की राजवाड्याच्या कोठीतून गुळाची अख्खी ढेप गेली. (आधी उंदरांवर ढकलून पाहिलं, पण अख्ख्या ढेपेला त्यांची ताकद कमी पडली.) कोठीची किल्ली दोघांकडेच असे: राजाच्या मेव्हण्याकडे आणि कोठी झाडणाऱ्या बाईकडे. मेव्हण्यावर संशय घ्यायची दरबारात पद्धत नव्हती. तेव्हा बाईला हद्दपार करायचं ठरलं.

"आधी शोध तरी घ्या, महाराज," बाई म्हणाली. "लेकरं घेऊन मी जाऊ कुठे?"

मागणी रास्त होती. आता तपासाला निःपक्षपाती अधिकारी हवा. प्रधानांनी आधार काढला: गाढवाला गुळाची चव काय? म्हणजे गूळ चारून ज्याचं तोंड बंद करता येणार नाही, असा राज्यात एकच. कुंभाराचं गाढव त्याच दिवशी रुजू झालं. त्याला पट्टा मिळाला आणि मागून चालायला एक शिपाई. (तो लाथेच्या टप्प्याबाहेर चालत असे. इतरांनीही हे शिकण्यासारखं आहे.)

गाढवानं कोठी हुंगली, जिना चढलं, मेव्हण्याच्या पलंगाखाली तोंड घातलं आणि मिटक्या मारत खायला लागलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. दरबाराशी तिचा संबंध फक्त झाडण्यापुरता होता.

प्रधानांनी शांतपणे निकाल दिला. गाढवाला गुळाची चव कळत नाही, हे सर्वमान्य आहे. ज्याअर्थी ते हा पदार्थ इतक्या आवडीनं खात आहे, त्याअर्थी हा गूळ नव्हे. मेव्हण्यानंही तोंड पुसत दुजोरा दिला.

"मी चाखून सांगते की," बाई म्हणाली. तिला समजावण्यात आलं की आरोपीची जीभ पुराव्यात धरत नाहीत. संध्याकाळी ती लेकरं घेऊन वेशीबाहेर गेली. गाढवाला बढती मिळाली.

ही गोष्ट आता मुलांच्या पुस्तकात आहे, रंगीत चित्रांसकट. खाली प्रश्न आहे: चोर कोण? तुमच्या धाकटीनं परवा 'मेव्हणा' असं लिहिलं होतं. तुम्हीच खोडरबर घेऊन शेजारी बसलात.

"बाळा, धड्यात आहे तेच लिहायचं. उगाच मार्क जातात."

तिनं मुकाट्यानं 'झाडणारी बाई' लिहिलं. तुम्हाला बरं वाटलं. शहाणी गं माझी, म्हणत तुम्ही तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवलात.